५१३.४१ म्हणजे माझ्या दारात किती?

पावसाळ्यात हैदराबादच्या वर्तमानपत्रांत एक आकडा हमखास येतो: ५१३.४१. हुसेनसागर पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून एवढे मीटर असते. तो आकडा जवळ येऊ लागला की टीव्हीवरचा वार्ताहर तळ्यातल्या बुद्धाच्या पुतळ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि दशांशचिन्हापुढचे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे सांगत सुटतो. मी चहा पीत ते ऐकते. दर वर्षी मनात एकच प्रश्न येतो. हे सगळं ठीक आहे बाबा, पण ५१३.४१ म्हणजे माझ्या दारात किती?

मी नल्लकुंट्यात राहते. हुसेनसागरचं जादा पाणी ज्या नाल्यानं मुसी नदीकडे जातं, तो दोमलगुडा, अशोकनगर मागे टाकून आमच्या बाजूनं गोलनाक्याकडे उतरतो. आमची गल्ली त्याच्यापासून चालत चार मिनिटांवर आहे. चौतीस वर्षं मी मराठी शाळेत भूगोल शिकवला. पोरांकडून समोच्चरेषा काढून घेतल्या, स्थलनिर्देशक नकाशे वाचून घेतले. हैदराबादचा तक्ता ५६ के, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, आणि ज्यांना देता यायला हवं ते देत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

आधी आमच्या पत्त्याबद्दल. पुण्याचे पाहुणे नल्लकुंटा ऐकून नळावर काहीतरी विनोद करतात. तेलुगूत नल्ल म्हणजे काळं आणि कुंटा म्हणजे लहानसं तळं. माझे आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडून इथे आले. कोरंटी दवाखान्याजवळ, म्हणजे आताच्या फीवर हॉस्पिटलजवळ, त्यांनी घर बांधलं. मी जन्मल्यापासून या पत्त्यावर आलेली पत्रं वाचते आहे, पण ते काळं तळं मला काही कुणी दाखवलं नाही. आसपासच्या वस्त्यांच्या नावांतही कुंटा आहेत. पावसाळा आला की ती नावं किती खरी होती ते कळतं.

आजोबांच्या घराला चार पायऱ्या आणि वर ओटा होता. २४ ऑगस्ट २००० ला बेगमपेठेच्या वेधशाळेत एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पाणी आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. पुढे आम्ही भावंडांनी ते घर बिल्डरला दिलं. चार पायऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी जमिनीखाली गाड्यांसाठी सेलर आलं. तळ्याच्या नावाच्या मोहल्ल्यात खड्डा खणून त्यात आम्ही आपल्या गाड्या ठेवल्या. सही करणाऱ्यांत मीही होते, भूगोलाची बाई.

१३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री त्या खड्ड्यानं आपलं काम केलं. बेगमपेठेला १९ सेंटिमीटर, शहराबाहेर घटकेसरकडे तर ३२. लाइट साडेनऊला गेली. वॉचमन जिन्यातून ओरडत वर आला, "अम्मा, सेलर में पानी आ रा!" आम्ही टॉर्च घेऊन खाली गेलो तेव्हा स्कूटर तरंगून एकमेकींवर आपटत होत्या आणि मीटरच्या पेट्यांना पाणी लागायला वीतभर उरलं होतं. संपाचं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, झाकण निघून गेलं होतं. प्यायच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं. ते साफ करायला आम्हाला नऊ दिवस आणि तीन टँकर लागले. समोरच्या बैठ्या घरातल्या अक्कांना पाठीवर घेऊन वॉचमननं आमच्या पहिल्या मजल्यावर आणलं. त्या ऐंशीच्या पुढच्या. रात्रभर त्या तेलुगूत एकच सांगत होत्या: मी यांना सांगितलं होतं, पाणी नाल्याकडून येत नाही, मागच्या शाळेच्या भिंतीकडून येतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

माझी भाची उपग्रहचित्रांवर काम करते. पूर ओसरल्यावर मी तिला म्हटलं, त्या रात्रीचं आमच्या गल्लीचं चित्र काढून दे. ती हसली. "मावशी, रात्री आलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. उपग्रह काय तुझ्या गल्लीवर पहारा देतो?" मग तिनं मला जे समजावलं ते पाठ्यपुस्तकात यायला हवं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांखालचं दिसत नाही, आणि पूर तर ढगांखालीच येतो. म्हणून रडार. रडारची लहर ढगातून खाली येते, जमिनीवर आपटून परत जाते आणि त्यावरून चित्र बनतं. साचलेलं पाणी आरशासारखं गुळगुळीत. ते लहर तिरपी दुसरीकडेच भिरकावून देतं. उपग्रहाकडे काही परतत नाही आणि चित्रात तेवढी जागा काळी येते. मी म्हटलं, म्हणजे नल्ल कुंटा! तिला तो विनोद फारसा भावला नाही.

आसाम, बिहार, आमच्याकडचा गोदावरीचा काठ, २०१९ मधलं सांगली-कोल्हापूर, अशा ठिकाणी ही विद्या उत्तम चालते. तिथे पाणी मैलोन् मैल पसरतं, दिवसेंदिवस हलत नाही. पण शहरात पाणी भिंतींमध्ये कोंडलेलं असतं. रडारची लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत वर अशी उसळते, आणि बुडालेली गल्ली काळी दिसण्याऐवजी कधी कधी उलट जास्तच उजळ दिसते. शिवाय वेळेचं गणित. युरोपचा सेंटिनेल-१ घ्या किंवा ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत-अमेरिकेचा निसार घ्या, उपग्रह नेमक्या त्याच वाटेवर परत येतो तो बारा दिवसांनी. आमचा पूर बारा तासांचा. तेव्हा ऐन रात्री उपग्रह आम्हाला वाचवेल ही आशा मी सोडली.

मग त्याचा उपयोग कशाला? पुराच्या आधी. जमिनीचा उंचसखलपणा मोजायला, गेल्या पन्नास वर्षांत कुठलं तळं किती आटलं, किती बुजवलं ते दाखवायला, पाणी कुठून कुठे जाईल याचं गणित मांडायला. भाचीनं मला भुवनवर आमची गल्ली काढून दिली. भुवन हे इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ, २००९ पासून आहे आणि कुणालाही उघडता येतं. त्यावरचा फुकट मिळणारा उंचीचा नकाशा तीस मीटरच्या चौकोनांचा आहे. तीस गुणिले तीस, नऊशे चौरस मीटर. हैदराबादी हिशेबात हजार गजांच्या थोडं वर. म्हणजे दोनशे गजांचे पाच प्लॉट एकाच चौकोनात. आमची इमारत, अक्कांचं बैठं घर, किराणा दुकान आणि शाळेची भिंत हे सगळं त्या नकाशात एकाच उंचीवर! त्या रात्री अक्का आणि आम्ही यांच्यात एका मजल्याचं अंतर होतं, तेवढ्यावर त्यांचा जीव वाचला.

भाची म्हणते, याहून बारीक नकाशे आहेत, विमानातून लेसरनं मोजता येतं, ड्रोननं येतं, इंचांचा फरक कळतो. मग ते आमच्यापर्यंत का येत नाही? हैदराबादेत राहून हा प्रश्न विचारताना मला जास्तच चमत्कारिक वाटतं. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र इथे बालानगरला, त्यांचे अँटेना शादनगरला. देशभरातल्या पुरांचे उपग्रह-नकाशे तिथेच तयार होतात. नकाशे करायला शिकवणारी भारतीय सर्वेक्षण विभागाची संस्था उप्पलला, आमच्या घरून बसनं पाऊण तास. समुद्राचा थेंब नसलेल्या या शहरात त्सुनामीचा इशारा देणारं इन्कॉइसही आहे, प्रगतीनगरला. आकाशातून पृथ्वी बघणारी एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या भारतीय शहरात असतील असं मला वाटत नाही. आणि त्याच शहरात अक्कांना कळत नाही की आज रात्री खाट वर नेऊ की नको.

यंत्रं कमी पडतात असं कुणी समजू नये. उणीव शेवटच्या दहा फुटांत आहे, आणि ती भरून कशी काढायची हे पाहायला मी तुम्हाला कोल्हापूरला नेते. तिथे राजाराम बंधाऱ्याचे फूट आख्ख्या शहराला पाठ. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलाचे ४० आणि ४५. माझी नणंद कोल्हापूरची; तिला फोन केला की ती म्हणते, "बेचाळीस झालंय, अजून आमच्याकडे यायला वेळ आहे, पण खालच्या आळीतल्यांनी गुरं हलवली." ही खरी पूर्वतयारी! त्या आकड्याचा अर्थ पिढ्यान् पिढ्या लोकांनी आपापल्या उंबऱ्याशी लावून ठेवलाय. २०१९ ला पाणी सगळ्या जुन्या खुणांच्या वर गेलं तेव्हा तो अर्थ तोकडा पडला, आणि तिथे उपग्रहाचे नकाशे कामाला आले, हेही खरं. पण भाषा आधीची होती. त्यात नवीन आकडा घालणं सोपं गेलं.

आमच्या ५१३.४१ ला अशी भाषाच नाही. अमुक पातळीला सांडवा वाहतो, मग तमुक तासांनी नाला भरतो, मग कुठली गल्ली, कुठल्या बाजूनं, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत? राज्य सरकारची स्वयंचलित पर्जन्यमापकं शहरात ठिकठिकाणी आहेत, दर तासाचा पाऊस कळतो. बेगमपेठेला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, ढग येताना दिसतो. मुंबईनं २६ जुलै २००५ ला सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर भोगले, आणि जून २०२० मध्ये तिथे आय-फ्लोज नावाची यंत्रणा सुरू झाली; पाऊस, भरती, नाले, जमिनीची उंची एकत्र करून कुठल्या प्रभागात पाणी साचेल ते ती आधी सांगते. सगळी सामग्री आहे, स्वयंपाक होतो आहे, पण ताट काही दारापर्यंत येत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही आजकालची गुंतागुंत आहे बाई. मुळीच नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीनं निम्मं हैदराबाद वाहून नेलं. पंधरा हजार माणसं गेली असं मानतात. अफझलगंजला उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात चिंचेचं झाड आहे, त्याच्या फांद्यांवर दीडशे माणसं तगली. निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच. त्यांनी आधी काय केलं? मोजलं. मुसीच्या पाणलोटात ७८८ तलाव, पैकी २२१ फुटले, म्हणून पाणी एवढं झालं, हा हिशेब त्यांनी मांडला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर आले. पुढच्या काही वर्षांत लेनर्ड मन या अभियंत्याच्या देखरेखीखाली शहराचे शेकडो तक्ते काढले गेले. विहिरी, हौद, वाडे, गल्ल्या, सगळं त्यात. साखळी आणि दुर्बीण घेऊन माणसं दारोदार फिरली होती. शंभर वर्षांपूर्वी दारापर्यंतचा नकाशा जमला होता, उपग्रहाच्या काळात न जमायला काय झालं?

काय झालं ते मला थोडंफार माहीत आहे. नकाशात पाणी दाखवलं की जमिनीचा भाव पडतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना निळी रेषा आणि लाल रेषा ठाऊक आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. या रेषा आखताना चिपळूणपासून पुण्यापर्यंत किती ओढाताण चालते तेही ठाऊक असेल. रेषा माझ्या प्लॉटच्या पलीकडून जावी, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं. इथे २००० च्या पुरानंतर किर्लोस्कर समितीनं नाल्यांचा अभ्यास करून अहवाल दिला. वीस वर्षं दर पुरानंतर त्याचं नाव निघतं. माझ्या माहितीतल्या कुणी तो अहवाल हातात धरलेला नाही.

आणि नकाशा बाहेर येतो तेव्हा कसा येतो? जुलै २०२४ मध्ये इथे हायड्रा ही संस्था स्थापन झाली, तळी वाचवायला. जुनी उपग्रहचित्रं आणि गावनकाशे एकावर एक ठेवून ती तलावाची मूळ हद्द काढते. काम उत्तम. आमच्या शेजारच्या बाग अंबरपेटेत बतुकम्मा कुंटा होता, नावापुरता. कचऱ्यानं भरलेला, झुडपांत हरवलेला. मूळ चौदा एकरांच्या आसपासचं तळं, त्यातले पाचेक एकर हाती लागले. २०२५ मध्ये खणायला घेतल्यावर आत पाणी लागलं तेव्हा मी रिक्षा करून बघायला गेले होते. साठ वर्षं पत्त्यांत तळी वाचणाऱ्या बाईला खरं तळं दिसलं, मला भरून आलं, सांगायला लाज नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याचं उद्घाटन झालं. त्याच आठवड्यात मुसीचं पाणी इम्लीबनच्या बसस्थानकात शिरलं आणि प्रवासी अडकले. बस उभी करायची ती जागा नदीच्या पात्रातच आहे, हे सांगायला उपग्रह लागत नाही.

पण त्याच हायड्रानं इतरत्र घरंही पाडली. त्यात कर्ज काढून, रीतसर परवानगी घेऊन बांधणारेही होते आणि पत्र्याच्या खोलीतले मजूरही. परवानगी देणाऱ्याचं काय झालं ते मी कुठे वाचलं नाही. तलावाची हद्द दाखवणारा नकाशा रहिवाशाच्या हातात येण्याआधी बुलडोझरवाल्याच्या हातात आला, की लोक पाण्यापेक्षा नकाशाला घाबरतात. आमच्या गल्लीत एका तरुणानं मोबाइलवर घरांच्या पायथ्याची उंची मोजायला घेतली तेव्हा किराणावाल्यानं त्याला हाकललं. "काय मोजतो? कुणी पाठवलं?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता अक्कांचं वाक्य. पाणी नाल्याकडून येत नाही, शाळेच्या भिंतीकडून येतं. भाचीच्या संगणकावर पाणी नाल्याकडूनच आलं होतं. जमिनीचा उतार तसा आहे. पण तीस वर्षांपूर्वी शाळेनं कुंपणाची भिंत बांधली, तिच्याखालून एक जुनी मोरी जाते, ती तुंबली की पाणी आधी तिथून उसळतं. हे कुठल्याही उपग्रहाला दिसणार नाही. मी ते भाचीला सांगितलं. तिनं मोरी घालून गणित परत केलं, तर पाणी बरोब्बर अक्कांच्या स्वयंपाकघरात आधी आलं. ती म्हणाली, "मावशी, अशी माणसं मला प्रत्येक गल्लीत एक एक दे." माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात मावतं. वरून दिसतं ते वरच्यांनी द्यावं, खालून कळतं ते खालच्यांकडून घ्यावं, आणि जो नकाशा होईल तो कार्यालयाच्या संगणकात न ठेवता तेलुगू-उर्दूत छापून गल्लीच्या तोंडाशी लावावा. २०२१ पर्यंत आपल्याकडे बारीक नकाशा करायलासुद्धा सरकारी परवानग्यांचे खेटे होते. ते बरेचसे गेले. आता सबब उरलेली नाही.

यादीत नसलेल्यांची भीती मला सर्वांत जास्त वाटते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडात इर्शाळवाडीवर दरड आली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. नकाशावर रंग नव्हता म्हणून डोंगर थांबला नाही. उलट ओडिशाकडे पाहा. १९९९ च्या चक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली, २०१३ ला फायलिन आलं तेव्हा काही डझन. उपग्रहानं वादळ १९९९ लाही पाहिलं होतं. मधल्या काळात निवारे बांधले गेले, गावोगाव माणसं नेमली गेली, आणि कोणाचं दार आधी ठोठवायचं हे ठरलं. आमच्या वॉर्डात एका कार्यालयात मी विचारलं, पूर आला तर अंथरुणाला खिळलेल्यांची यादी आहे का? त्यांनी मला नमुना अर्ज दिला. तो जातीच्या दाखल्याचा होता.

तेव्हा आम्ही आपलं आपण केलं. २०२० नंतर सेलरच्या पहिल्या खांबावर वॉचमननं लाल ऑइलपेंटनं रेघ मारली. पुण्यात नारायण पेठेत माझ्या आतेच्या वाड्यावर पानशेतची खूण होती, १२ जुलै १९६१ ची, ती लहानपणी पाहिली होती. त्यावरून मला सुचलं. त्यानंतरच्या पावसांच्या आणखी दोन रेघा खाली आल्या. शेजारी तारीख, आणि त्या दिवशीची हुसेनसागरची पातळी. भाची म्हणाली, अशा वीस खांबांच्या रेघा मिळाल्या तर ५१३.४१ चं भाषांतर करून देते.

गेल्या मे महिन्यात इमारतीला रंग दिला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक येतात, खांबावरच्या रेघा बऱ्या दिसत नाहीत, असं कमिटीत ठरलं. मला कळलं तेव्हा खांब पांढराशुभ्र झाला होता. मी वरून टेप आणि वही घेऊन उतरले. वॉचमन म्हणाला, वही कशाला अम्मा, मला माहीत आहे. तो खांबाला टेकून उभा राहिला आणि छातीवर बोट ठेवलं: इतना. मी टेप लावली. चार फूट तीन इंच. माझ्या वहीत होतं चार फूट दोन. मी त्याला वही दाखवली. त्यानं जरा विचार केला, खाली पायांकडे बघितलं.

"उस रात चप्पल बह गई थी ना, अम्मा," तो म्हणाला, आणि चप्पल काढून पुन्हा खांबाला टेकला.